मिस्त्रीची फी

(अकोला, १९६३. मोटर दुरुस्तीचं सर्टिफिकेट देणाऱ्या एका खासगी विद्यालयाची कचेरी, सकाळी नऊची वेळ. टेबलामागे कारकून भगवंतराव. समोर प्रवेश घ्यायला आलेला, जानरावांच्या गॅरेजातला मिस्त्री देवमन आणि त्याची बायको शकुन.)

देवमन : म्हंजे मीच मले शिकवू?

भगवंतराव : तसं नाही रे, देवमन. आमच्या विद्यालयाची कार्यशाळा म्हणून जानरावांच्या गॅरेजचं नाव लागलेलं आहे, एवढंच. सकाळी दोन तास इथं फळ्यावर. मग दहापासून सहापर्यंत प्रत्यक्ष काम, ते तिथं.

देवमन : पन तेथी प्रत्यक्ष काम शिकवते कोन? तीन सालापासून तुमचे पोरं येतेत, त्यायले मीच तं शिकवून राहिलो. जानरावभाऊ गल्ल्यावरून उठत नाहीत. पाना हातात धरल्याले त्यायले पाच साल झाले असतीन.

भगवंतराव : कागदावर शिक्षक जानराव आहेत.

शकुन : आन हे कागदावर कोन हायेत?

भगवंतराव : हे कागदावर नाहीत, बाई.

शकुन : मंग फीचे तीनशे रुपये कायचे देऊन राहिलो आमी?

देवमन : थांब ना व जराशी. साहेब, तुमच्या छापील पत्रकावर मोठ्ठ्या कारखान्याचा फोटो हाये. पत्र्याचं शेड, लेथ मशीन, चार-चार गाड्या उभ्या. मले वाटलं अमरावतीले असन, नाहीतं नागपूरले. मी इले म्हटलं, इंजिन मले येते, लेथ येत नाही, तेवढी शिकून घेतो.

भगवंतराव : तो फोटो एका कॅलेंडरवरून घेतला. छापखानेवाल्यानं सुचवलं, की बरा दिसेल.

शकुन : बरा दिसून राहिला, बाप्पा! आमी तो फोटो भिंतीले लावला.

भगवंतराव : हे बघा, मी इथं नोकर आहे. पत्रक काढणारे वेगळे, फी ठरवणारे वेगळे. पण तुला सर्टिफिकेट हवं आहे ना, देवमन? ते मिळेल. पक्कं मिळेल. त्याशिवाय एसटीत घेत नाहीत, हे तुला माहीत आहे.

देवमन : मालूम नसन तं काय! मागच्या महिन्यात डेपोत गेलतो. चांदूर बाजारचा तो खुशाल, तुमच्याच शायेतला, त्याले मी वाल्व घासाले शिकवलं. पयल्या दिवशी त्याले पाना उलटा धरलेला भी समजे ना. आज तो तेथी एकशे पाच रुपये पगार घेते. मले पाहून आतून धावत आला, सगळ्यायसमोर माह्या पाया पडला. साहेबाले म्हने, हे माहे उस्ताद. साहेब म्हने, चांगली गोष्ट हाये, पन उस्तादाचा कागद कुठी हाये?

भगवंतराव : तेच म्हणतो मी. जग कागदावर चालतं.

शकुन : चालू द्या. मले एक सांगा साहेब. हे शायेत नाव टाकतीन. काम तेच, गॅरेज तेच. मंग पगार तं चालू राहीन ना? महिन्याचे साठ?

भगवंतराव : नाही. विद्यार्थ्याला कार्यशाळेतून पगार घेता येत नाही. विद्यालयाचा नियम आहे.

देवमन : आँ?

भगवंतराव : नियमच आहे तसा. शिकणारा आणि कामगार एकच माणूस कसा असेल?

शकुन : शिकवनारा आन शिकनारा एकच मानूस चालते, तवा तुमचा नियम कोठी जाते?

देवमन : शकुन...

शकुन : बोलू द्या मले! साल भर हे त्याच ट्रकाखाली झोपतीन, तेच ग्रीस तोंडाले लावतीन, तेच अकरा पोरं शिकवतीन. आजलोक साठ रुपये भेटत. आता साठ भी नाही, आन वरून तीनशे आपन द्याचे. हे कोन्या गावचं शिक्षन हाये?

भगवंतराव : वर्षभराचा प्रश्न आहे, बाई. पुढं एकशे पाच. आणि घरखर्चाची अडचण होऊ नये म्हणून जानरावांनी स्वतः होऊन सोय केली आहे. देवमनला माहीत आहे.

देवमन : हाव, ते खरं हाये. भाऊनंच मले म्हटलं, जाय, नाव टाक. तीनशे फी मी भरतो, आन घरात महिन्याले तीस रुपये देत जाईन, मंग सवडीनं फेडजो. मी तुले सांगतलं नाही का? कोन देते व असं? माहा सख्खा चुलता नाही देनार.

शकुन : तुमी सांगतलं भाऊ देते. कसं देते, हे नाही सांगतलं.

देवमन : मी इचारलंच नाही. भाऊले काय इचाराचं?

भगवंतराव : करारनामा माझ्याकडंच आहे. जानराव परवा ठेवून गेले. तुझी सही झाली की लगेच प्रवेश.

शकुन : वाचा.

भगवंतराव : कायदेशीर भाषा आहे, तुम्हाला...

शकुन : मी जिनिंगमध्ये कापूस निवडून राहिली, साहेब. मुकादम दर हप्त्याले दोन-दोन दिवस खाते, तवापासून सारा हिसाब मीच ठेवून राहिली, माहा भी आन संगच्या बायायचा भी. वाचा तुमी.

भगवंतराव : बरं. "मी लिहून देतो की, श्री. जानराव यांच्याकडून फीपोटी रुपये तीनशे आणि घरखर्चापोटी दरमहा रुपये तीस, दरमहा दर शेकडा दोन रुपये व्याजानं..."

शकुन : थांबा. दोन रुपये शेकडा महिन्याले. फीचे तीनशे, तीस-तीस करून सालाचे तीनशे साठ. झाले सहाशे साठ. त्याच्यावर सालभराचं व्याज... फीचं झालं बाहत्तर, तीसच्या हप्त्यायचं चाळीसच्या आसपास. म्हंजे शाया संपली का आपल्या डोक्यावर पावनेआठशे रुपये. पुढं वाचा.

भगवंतराव : "...सर्टिफिकेट मिळाल्यावर माझा पगार दरमहा रुपये सत्तर धरून त्यातून रुपये पंचवीस कापून घ्यावे..."

देवमन : सत्तर? पन मी तं यस्टीत जाईन ना?

भगवंतराव : पुढं आहे ते. "...आणि मुद्दल व व्याज पुरं फिटेपर्यंत मी श्री. जानराव यांचं गॅरेज सोडून अन्यत्र नोकरी करणार नाही. सर्टिफिकेट तोवर त्यांच्याकडं ठेव म्हणून राहील."

शकुन : आयकलं?

देवमन : हाव.

शकुन : पावनेआठशेचं महिन्याचं व्याज पंधरा रुपयाच्या वर. पंचवीस कापले का पंधरा व्याजात, दहा मुद्दलात. पुढं पुढं मुद्दल जरा जास्ती फिटन, तरी चार साल लागतीन. चार साल आन शायेचं एक. तुमी आज चोवीसचे हा. आन मोठी गंमत पाहा, आज साठ रुपये घरात येतेत. सर्टिफिकेट झाल्यावर सत्तरातून पंचवीस गेले का पंचेचाळीस. म्हंजे शिकून-सवरून मानूस पंधरा रुपयानं कमी झाला!

देवमन : भाऊनं असं लिहिलं नसन. कोन्या वकिलानं लिहून देल्लं असन.

शकुन : सही कोनाची हाये खाली?

भगवंतराव : जानरावांची आहे.

देवमन : तुले नाही समजत, शकुन. मी चवदा सालाचा होतो. अकोट रोडवरच्या तीन गॅरेजात गेलो. तिघायनं नाव इचारलं, मंग गाव इचारलं, मंग गावात घर कोन्या अंगाले हाये ते इचारलं, आन म्हटलं, जागा नाही. जानरावभाऊनं एकच गोष्ट इचारली, हॅण्डल मारता येते का? बस. त्याच दिवशी कामावर घेतलं. माहा बाप मेला तवा भाऊनं लाकडायचे पैसे देल्ले. तुह्या बाळंतपनात त्यायची जीप होती. मी त्यायच्या कागदाकडे संशयानं पाहू?

शकुन : उपकार केले, मी नाही म्हनत नाही. बाळंतपनाची जीप मी मरेलोक इसरनार नाही. पन उपकाराले शेकडा दोन रुपये व्याज कोन लावते? लावलं ना, तं मंग तो धंदा झाला, अन् धंद्याचा हिसाब करा लागते. तुमाले भाऊसमोर तोंडच उघडता येत नाही, हे भाऊले चांगलं मालूम हाये. खुशाल डेपोत लागला अन् तुमी भी चक्कर मारून आले, हे समजल्यावरच भाऊले तुमच्या शिक्षनाचा एवढा पुळका आला. दहा साल काहून नाही आला?

देवमन : साहेब, एक इचारू? तुमची शाया भाऊले काई देते काय? ते पोरं तेथी शिकतेत मनून?

भगवंतराव : ते हिशेब कचेरीचे आहेत.

देवमन : मले सांगा साहेब. भाऊ मले म्हनत, आपल्या ओयखीचे गरिबाचे पोरं हायेत, शिकव, कोनाचं भलं होईन. मी दुपारची भाकर खाता खाता त्यायले कारबुरेटर समजावून सांगतलं. पोळ्याच्या दिवशी भी शिकवलं.

भगवंतराव : दर विद्यार्थ्यामागं दरमहा दहा रुपये जातात जानरावांना.

शकुन : सध्या अकरा पोरं हायेत. एकशे दहा.

देवमन : एकशे दहा.

शकुन : तुमचे साठ त्याच्यातूनच देतेत, आन पन्नास उरतेत. ट्रकायची कमाई तं अलगच.

देवमन : आन मी नाव टाकलं तं माह्या नावाचे दहा?

भगवंतराव : ते... हो. तेही जानरावांनाच.

शकुन : हे तं लुटारू हायेत हो! दिवसाढवळ्याचे लुटारू! आन वरून आपन त्यायच्या घरी दिवाळीले भेटाले जातो!

देवमन : हळू बोल. बाजूच्या वर्गात पोरं बसले हायेत.

शकुन : आयकू द्या!

देवमन : मले राग नाही येऊन राहिला, शकुन. लाज येऊन राहिली. डेपोतून आलो तवा मी भाऊजवळ बसून रडलो होतो, का मले कागदाबिगर कोनी घेत नाही. त्यायनं माह्या पाठीवर हात ठेवला. तवा त्यायच्या खिशात तीन सालाचे माह्या शिकवन्याचे पैसे होते. आन ते म्हने, पाहू काई तरी करू तुह्यासाठी.

भगवंतराव : पाणी घे जरा.

देवमन : नको. साहेब, तुमीच एक कागद द्या मले. विद्यालयाच्या नावाचा. का या मानसानं तीन साल आमच्या पोरायले काम शिकवलं. खोटं थोडंच हाये ते?

भगवंतराव : पुरावा काय? उद्या कोणी विचारलं तर मी काय दाखवू?

देवमन : तुमच्या कपाटात पोरायच्या कामाच्या वह्या हायेत ना? कोन्या दिवशी कोनतं काम केलं, बराबर झालं का नाही, ते सारं माह्या हातचं हाये. काढा एखादी. क्लच प्लेटच्या पानावर मी चित्र भी काढून देल्लं.

भगवंतराव : त्या प्रत्येक पानाखाली जानरावांची सही आहे.

देवमन : ते भी मीच केली.

भगवंतराव : काय?

देवमन : भाऊनं सांगतलं, वहीवर माहं नाव लिहीत जा, मले कुठी टाइम हाये. मी लिहीत गेलो. मले वाटलं, उस्तादाचं नाव लिहाचंच असते. आपन त्यायचे चेले, काम त्यायच्याच नावानं होते. आमच्या धंद्यात तसंच असते साहेब. गाडी मी सुधारली तरी गिऱ्हाईक म्हन्ते जानरावनं सुधारली.

भगवंतराव : अरे, तू दुसऱ्याची सही केलीस! हे असं कोणाजवळ बोलू नकोस. खोट्या सहीचा गुन्हा आहे हा. पोलिसात गेलं प्रकरण तर जानराव हात वर करतील आणि तू आत जाशील.

शकुन : हे आत जातीन? बरं! जाऊ द्या. मंग ज्या ज्या वहीवर ते सही हाये, ते ते सर्टिफिकेट खोटं झालं ना साहेब? तीन सालात किती वाटले तुमी?

भगवंतराव : बाई, तुम्ही भलतंच...

शकुन : किती?

भगवंतराव : एकतीस.

शकुन : एकतीस पोरायचे तीन-तीनशे. तुमच्या मालकायले म्हना, त्रेन्नवशे रुपये परत कराची तयारी ठेवा. नाहीतं आमचं नाव फुकटात टाका, पगार चालू ठेवा, आन सर्टिफिकेट आमच्या हातात द्या. हे नसन जमत तं आमी आजच डेपोत जाऊन सांगतो, का तुमच्याकडे जे जे पोरं लागले त्यायच्या वह्या कोनी लिहिल्या. हाव का नाही? चाला हो, उठा.

देवमन : नाही.

शकुन : काहून नाही? आता तं हे आपल्या हातात आले!

देवमन : हे नाही आले हातात. पोरं आले. खुशालची माय चांदूरले दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाते, तिनं गाय इकून त्याची फी भरली. त्याची नोकरी जाईन. अकोटचे दोघं, परतवाड्याचा तो अडखळत बोलनारा पोरगा, साऱ्यायची जाईन. पोरायले काम येते, शकुन. सही खोटी असन, काम खोटं नाही. मी एकाले भी कच्चा सोडला नाही.

शकुन : आन आपलं? आपल्या पोरीचं? एकशे पाचाची नोकरी तुमाले नसन पाह्यजे, मले पाह्यजे होती. मी रोज झोपताना ते एकशे पाच मोजत होती. इतके भाड्याचे, इतके दुधाचे, इतके पोरीच्या शायेचे. मले जिनिंगची धूळ सहन नाही होत आता. खोकला बंद होत नाही, तुमी आयकता ना?

देवमन : आयकतो.

शकुन : मंग?

देवमन : मंग भी पोरायच्या जिवावर नाही.

भगवंतराव : देवमन... ऐका. बसा दोघंही. मी हे सांगायला नको. इथं समजलं तर मला घरी बसवतील, आणि माझाही दोन महिन्यांचा पगार अडकलेला आहे. पण दुसरी वाट आहे. सर्टिफिकेट नसलं तरी नोंदणी असलेल्या गॅरेजच्या मालकानं लिहून दिलं, की हा माणूस माझ्याकडं इतकी वर्षं मिस्त्री आहे, तर डेपोवाले कधी कधी परीक्षा घेतात. इंजिन खोलायला लावतात. त्यात तुम्हाला कोण पाडणार?

देवमन : फी किती?

भगवंतराव : काही नाही. एक कोरा कागद आणि मालकाची सही.

शकुन : बस? एक कागद?

भगवंतराव : बस.

देवमन : भाऊले हे मालूम हाये?

भगवंतराव : खुशाल डेपोत लागला तेव्हा त्यांनीच मला विचारलं होतं. देवमनला असं पत्र चालेल का, म्हणून. मी म्हटलं, चालेल. परवा हा करारनामा घेऊन आले.

शकुन : अग्गाई गं! एका कागदानं मानूस मोकया होत होता, त्याच्याऐवजी पाच सालाची बेडी करून आनली! आन तीस-तीस रुपये देऊन वरून पुन्य भी घेनार!

देवमन : साहेब, तो करारनामा तुमच्याजवयच राहू द्या. मी सही करत नाही.

भगवंतराव : बरं. जानराव विचारतील तर काय सांगू?

देवमन : काई नका सांगू. मीच जाऊन पत्र मागतो. बायकोसंग जातो. एकटा गेलो तं भाऊ पाठीवर हात ठेवतीन आन मले पुन्हा काई बोलता नाही येनार.

शकुन : मी बोलन. जीपचे आभार मानून बोलन.

भगवंतराव : केव्हा जाणार?

देवमन : आज संध्याकायी. आता गॅरेजात पोरं थांबले असतीन. काल ब्रेकचे ड्रम खोलून ठेवले, आज लायनिंग बसवनं दाखवाचं हाये.

शकुन : एवढं सारं झाल्यावर भी शिकवाले जाता? फोकटात? भाऊच्या एकशे दहासाठी?

देवमन : अर्धा ब्रेक शिकलेला पोरगा उद्या गाडी सोडन, आन तिच्यात पन्नास मानसं बसतीन.

शकुन : आन भाऊनं पत्र नाहीच देल्लं तं?

देवमन : तं मंग उद्यापासून साठ भी नाहीत.

भगवंतराव : विचार करा. हातचं आहे ते तरी...

शकुन : इचार झाला साहेब. चाला हो, उठा. दहा वाजून राहिले, पोरं थांबले असतीन.